मणक्यातील स्टिरॉइडचे इंजेक्शन : आमच्या घरातील दोन अनुभव

गेल्या दोन वर्षांत आमच्या निपाणीच्या घरात दोघींनी मणक्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले, आधी मी आणि नंतर माझ्या आत्यांनी (आमच्याकडे सासूबाईंना आत्या म्हणण्याची रीत आहे). मला त्याचा उपयोग झाला, त्यांना झाला नाही. हे कळल्यापासून ओळखीतल्या अनेक बाया मला विचारतात, ‘बाई, मणक्यातली सुई घेऊ का नको?’ तोंडी उत्तर दरवेळी अर्धवट राहते, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. डॉक्टरांना विचारून आणि वाचून जेवढे पक्के समजले, तेवढेच येथे मांडते.

माझे दुखणे जून महिन्यात शाळेतील पुस्तकांचे गठ्ठे उचलताना सुरू झाले. कंबर दोन दिवस धरली आणि तिसऱ्या दिवशी डाव्या कुल्ल्यापासून पोटरीमार्गे पायाच्या करंगळीपर्यंत अशी कळ उतरू लागली की, फळ्यापुढे पाच मिनिटे उभे राहणे अशक्य झाले. एमआरआयमध्ये कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचे त्रिकास्थी यांच्यामधील गादी बाहेर आल्याचे दिसले. आपल्याकडे याला ‘शीर दबली’ म्हणतात, आणि ते खरे असले तरी निम्मेच खरे आहे. बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी १९३४ साली गादी सरकण्याचा आणि पायात उतरणाऱ्या या कळेचा संबंध स्पष्टपणे मांडला, आणि पुढे बराच काळ सगळा भर दाबावरच राहिला. प्रत्यक्षात गादीच्या आतला मऊ गर बाहेर पडला की तो नसेच्या मुळाशी रासायनिक दाहही निर्माण करतो. नुसत्या दाबाने बधिरपणा किंवा अशक्तपणा येऊ शकतो, परंतु आग झाल्यासारखी तीव्र कळ येण्यात या दाहाचा मोठा वाटा असतो. स्टिरॉइड काम करते ते या दाहावर. ते गादी जागेवर बसवत नाही, मणका दुरुस्त करत नाही आणि दाबही काढत नाही.

डॉक्टरांनी मला पहिल्या भेटीत इंजेक्शन दिले नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. गादी सरकून झालेली सायटिका (कमरेतून पायात उतरणारी ही कळ) बहुतेक रुग्णांत सहा ते बारा आठवड्यांत बरीच उतरते आणि बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, हे त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितले. मी सहा आठवडे गोळ्या घेतल्या, अंथरुणाला न खिळता झेपेल तेवढे चालले, पण रात्रीची झोप पूर्णपणे गेली होती आणि तपासणीसाठी बेळगावला जाताना तवंदी घाटातल्या प्रत्येक वळणावर मी बसची समोरची दांडी धरून बसत असे. त्यानंतर इंजेक्शनचा निर्णय झाला.

प्रत्यक्ष क्रिया अर्ध्या तासात आटोपली. पोटाखाली उशी देऊन पालथे झोपवले, कातडी बधिर केली, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत नस मणक्यातून बाहेर पडते त्या छिद्राशी सुई नेली, थोडे रंगद्रव्य सोडून ती रक्तवाहिनीत नसल्याची खात्री केली आणि मग बधिर करणारे औषध व स्टिरॉइड एकत्र सोडले. सुई पाठीच्या मज्जारज्जूत टोचतात असा समज सर्रास आहे, तो चुकीचा आहे. औषध मज्जारज्जू आणि नसांच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत सोडले जाते. टेबलावरून उतरले तेव्हा कळ नव्हती आणि मी आनंदाने घरी फोन केला. मात्र रात्री अकरा वाजता ती जशीच्या तशी परत आली, तेव्हा सगळे व्यर्थ गेले या विचाराने मी रडले. दुपारचा आराम हा केवळ बधिर करणाऱ्या औषधाचा होता आणि तो काही तासांत ओसरतो, तर स्टिरॉइडचा परिणाम सुरू व्हायला दोन दिवसांपासून आठवडाही लागू शकतो, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. एवढे एक वाक्य सांगितले गेले असते तर ती रात्र वेगळी गेली असती, म्हणून इंजेक्शन घेणाऱ्या प्रत्येकीला मी ते आता आवर्जून सांगते. पाचव्या दिवशी मी सलग झोपले. दुसऱ्या आठवड्यात व्यायाम सुरू झाला आणि दिवाळीपर्यंत पाय जवळजवळ मोकळा झाला.

याचे सगळे श्रेय इंजेक्शनला द्यावे का, हा प्रश्न मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारला आहे. जगभरातील वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२० साली अशा इंजेक्शनांच्या २५ चाचण्या एकत्र तपासल्या. स्टिरॉइड नसलेल्या दिखाऊ इंजेक्शनाच्या तुलनेत पायाची वेदना पहिल्या काही आठवड्यांत शंभरपैकी सरासरी पाचच गुणांनी अधिक कमी झाल्याचे त्यातून दिसले. हा फरक लहान आहे. सरासरीत फारसा फायदा न झालेले आणि पुष्कळ फायदा झालेले असे दोन्ही रुग्ण मिसळलेले असतात, हे धरले तरी तो लहानच राहतो. माझी गादी त्या काळात तशीही आक्रसत असणार. इंजेक्शनने मला झोप आणि व्यायाम करण्याइतकी उसंत दिली, बाकीचे काम शरीराने केले, असे माझे मत आहे.

आत्यांची गोष्ट निराळी आहे. त्या ७२ वर्षांच्या आहेत आणि तीस वर्षे त्यांनी तंबाखूच्या वखारीत खाली बसून काम केले. त्यांना बसल्यावर काहीच दुखत नाही. दोनशे पावले चालल्यावर मात्र दोन्ही पाय जड होतात, मुंग्या येतात आणि कुठेतरी टेकावेच लागते. भाजीच्या गाड्यावर पुढे वाकून उभे राहिले की मोकळे वाटते. वयानुसार हाडे आणि अस्थिबंध जाड होऊन मणक्यातील नळी अरुंद झाली की असे होते. इथे अडचण प्रामुख्याने जागेची आहे. तरीही एका खासगी दवाखान्यात एमआरआय पाहताच ‘तीन सुयांचा कोर्स’ सांगितला गेला आणि माझा अनुभव चांगला असल्यामुळे आम्ही अधिक न विचारता होकार दिला. ती चूक आमचीही होती.

त्यांना मधुमेह आहे, हे तिथे कोणी विचारले नाही. तिसऱ्या दिवशी तहान आणि चक्कर वाढली म्हणून साखर तपासली, तर उपाशीपोटी १५० च्या आसपास असणारी ती ३१० वर गेली होती आणि खाली यायला आठवडा लागला. मधुमेह असलेल्यांची साखर या इंजेक्शनानंतर काही दिवस वाढणे ही सर्वज्ञात गोष्ट आहे. आधी माहीत असेल तर घरी रोज तपासून आणि डॉक्टरांना विचारून औषध बदलून ती सांभाळता येते. पायांना आराम पडला तो जेमतेम आठ दिवस.

पुढे वाचताना समजले की अरुंद नळीच्या ४०० रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा आठवड्यांनंतर स्टिरॉइड मिसळलेले इंजेक्शन आणि नुसते बधिर करणारे औषध यांच्यात सांगण्याजोगा फरक आढळला नव्हता. कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात तीव्र आणि नव्या सायटिकासाठी या इंजेक्शनाचा विचार करावा असे आहे, पण नळी अरुंद झाल्यामुळे चालताना पाय भरून येणाऱ्यांना ते देऊ नये असेही स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे आमच्या घरातील दोन्ही निकाल नशिबाचे नव्हते.

धोक्यांविषयी बोलताना भीती घालण्याची माझी इच्छा नाही, परंतु गप्प बसणेही योग्य नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये इशारा दिला की मणक्याभोवती स्टिरॉइड टोचल्यावर क्वचित दृष्टी जाणे, मेंदूचा झटका (स्ट्रोक), अर्धांगवायू आणि मृत्यूही घडले आहेत. औषधाचे कण बारीक रक्तवाहिनीत अडकणे हे त्यामागचे एक कारण मानले जाते, म्हणूनच छिद्राशी इंजेक्शन देताना अनेक डॉक्टर कण नसलेले डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड निवडतात. त्याआधी २०१२ साली तिकडेच एका औषध-निर्मितीगृहातील दूषित कुप्यांमुळे बुरशीजन्य मेंदूज्वर पसरून साठाहून अधिक माणसे दगावली होती. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावेच लागते, आणि त्या बंद करायच्या की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये. लघवी अडणे, बैठकीचा भाग बधिर होणे किंवा पाऊल लोंबू लागणे अशी लक्षणे दिसली तर इंजेक्शनाची चर्चाच करायची नसते. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठायचे असते.

आमच्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे आणि ती मला फार लागते. आत्यांसमोर ठेवलेले संमतिपत्र इंग्रजी आणि कानडीत होते. कानडी त्या उत्तम बोलतात, बाजारात ‘सोंट नोवु’ (कंबरदुखी) म्हणून औषधही मागतात, पण त्यांना वाचता येते ते फक्त मराठी. मला दोन्ही वाचता येते, तरी घाईत मीही ते वाचले नाही आणि ‘इथे सही करा’ म्हणताच त्यांना बोट दाखवले. नंतर घरी ते नीट वाचले तेव्हा साखर वाढण्याचा उल्लेख त्यात एका ओळीत होता.

दुसऱ्या सुईसाठी आम्ही गेलो नाही. बेळगावच्या ज्या डॉक्टरांनी मला थांबायला सांगितले होते त्यांनाच आत्यांचे रिपोर्ट दाखवले. मराठीत आणि मधूनमधून कानडीत त्यांनी आत्यांना स्वतःला, माझ्याकडे न पाहता, सगळे समजावले : चालणे पूर्ण थांबले किंवा पायातील ताकद कमी झाली तर नळी मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल, तोपर्यंत पुढे वाकून करायचे व्यायाम करावेत आणि चाकांचा आधार घेऊन चालावे. आत्यांनी शस्त्रक्रियेला सध्या नकार दिला आहे. चाकांचा आधार घेऊन त्या आता गल्लीच्या टोकापर्यंत जातात, वाटेत दोनदा बसतात, आणि किती पावलांवर बसावे लागले ते मला रोज संध्याकाळी वहीत लिहून ठेवायला लावतात.