वारा पडल्यावरची झोप: केळशी-आंजर्ल्याच्या वाडीत तंबू आणि छोटे पंखे

उन्हाळ्यात कोकणात तंबूत राहायचं म्हटलं की घरचे वेड्यात काढतात. पारा काही फार चढत नाही, ३३-३४ अंशांवर थांबतो, पण हवा इतकी दमट असते की घाम अंगावरून वाळतच नाही. एप्रिलच्या अखेरीस आम्ही दापोली तालुक्यात आधी केळशीला आणि मग आंजर्ल्याला, वीज न पोचलेल्या वाड्यांमध्ये तंबू टाकून राहिलो. सोबत मुलं होती. सगळे गाढ झोपले, आणि तेही पाच वॉटच्या पंख्यांवर. मुलांना घेऊन जायचा विचार असेल तर पुढचं नीट वाचा.

सगळ्यात आधी वारा समजून घ्या. दुपारपासून समुद्राकडून खारा वारा येतो, तोवर सावलीत पंख्याची आठवणही होत नाही. सूर्य बुडाला की तो मंदावतो आणि आठ-साडेआठला पूर्ण पडतो. जमीन निवून डोंगराकडून मतलई वारा सुटेपर्यंत मध्यरात्र उलटते. मधले हे चार-पाच तास खरे जड जातात, झाडाचं पान हलत नाही. पंखा हवा तो या वेळेपुरता. हे लक्षात आलं की बॅटरीचं ओझं निम्म्यावर येतं. केळशीच्या वाडीतले आजोबा आम्ही पोचताच म्हणाले, "तंबूचं तोंड दर्याकडे नको, डोंगराकडे करा. पहाटे वारा तिकडून येतो." मीही तेच सांगेन. मात्र मे संपत आला की पश्चिमेचे वारे जोर धरतात आणि मतलई वारा फारसा जाणवत नाही. तेव्हा रात्रभराची तयारी ठेवावी.

आता हिशोब. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे कागदावर ७४ वॉट-तास, हातात येतात साधारण ६०. यूएसबीवर चालणारा छोटा पंखा पूर्ण वेगात पाचेक वॉट खातो, मंद वेगात दोन. म्हणजे मंद वेगात दोन पंखे रात्रभर लावले तरी पॉवर बँक पुरून उरते. घरातला जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, त्यावरून अंदाज घ्या. बॅटरी आतच असलेले पंखे सोयीचे खरे, पण खोक्यावरचे तास सगळ्यात मंद वेगाचे असतात. मला वेगळा पंखा आणि वेगळी पॉवर बँक हीच जोडी आवडते, एक बिघडलं तरी दुसरं कामाला येतं. एक गोष्ट घरीच तपासून निघा: काही पॉवर बँका पंखा अगदी मंद केला की काही जोडलेलंच नाही असं समजून आपोआप बंद होतात. मग रात्री दोनला मूल घामाने भिजून उठतं.

पंखा हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम उडवतो. म्हणून तो तंबू गार करायला नाही, माणसासाठी लावायचा: चिमट्याने पायाशी किंवा कमरेच्या उंचीवर, अंगापासून हात-दीड हात लांब. आणि जाळीच्या आत. बाहेरून मारलेला वारा मच्छरदाणीच अर्धा खाऊन टाकते. पावसाचं वरचं कापड काढून ठेवा, नुसती जाळी राहू द्या. खाली फोमची गादी नको, पाठ तापते; चटई आणि सुती चादर बरी. पंचा ओला करून पोटऱ्यांवर टाकला की त्याच पंख्याचा गारवा दुप्पट वाटतो. विदर्भात कोरड्या हवेत हा ओला पंचा याहून जास्त काम करतो. तिथे तो लागतोच, कारण हवा ४० अंशांपलीकडे गेली की नुसता पंखा अंगावर गरम झळ मारतो.

दिवसा पॉवर बँक भरायला २० वॉटचं घडीचं सोलर पॅनल नेलं होतं. प्रत्यक्षात १२ ते १५ वॉट मिळाले. वाडीत अडचण सावलीची: एका झावळीची सावली पॅनलवर पडली तरी वीज झपकन उतरते, त्यामुळे ते उघड्या खळ्यात ठेवून दर तासाला फिरवावं लागतं. पॅनल उन्हात, पण पॉवर बँक मात्र सावलीत, कापडाखाली. लिथियमच्या बॅटरीला ऊन सोसत नाही. बंद गाडीत तर ती ठेवूच नका.

जागा निवडताना माडाखाली तंबू कधीही टाकू नका. नारळ पडतो, वाळलेली झावळही पडते. आंब्याखाली किंवा सुरूच्या बनाच्या कडेला जागा बघा, आणि वाडीच्या मालकांना आधी विचारा. विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये खाली गेलेलं असतं, ते जपून वापरा. आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात आणि या दिवसांत शेवटची पिल्लं समुद्राकडे निघतात. उजेडाने ती वाट चुकतात. म्हणून दिवा असलेला पंखा घेतलात तर दिवा बंद ठेवा, किनाऱ्याच्या बाजूला टॉर्चही नको.

खाऱ्या हवेने यूएसबीची तोंडं महिन्याभरात गंजतात. रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसून पंखे झिपच्या पिशवीत ठेवावेत, आणि घरी परतल्यावर पात्याच्या मागची वाळू ब्रशने काढावी. केळशीत सुटे पंखे मिळतीलच असं नाही, तेव्हा एक जास्तीचा पंखा आणि दोन केबल दापोलीच्या बाजारातूनच घेऊन पुढे जा.