पावसातली राइड आणि चेन

आज खडकवासल्याच्या रस्त्यावर पाऊसही आणि बारीक रेतीही. अशा राइडनंतर सायकल तशीच भिंतीला टेकवू नका, कळकळीनं सांगतोय. आधी चेन कापडानं पुसून कोरडी करा, मगच तेल. ओल्या चिखलावर तेल सोडलं तर रेती रोलरच्या, म्हणजे चेनमधल्या छोट्या फिरत्या नळ्यांच्या, आत जाते, कड्या जोडणाऱ्या पिना झिजतात आणि चेन लांबते. पेडल उलटं फिरवत प्रत्येक रोलरवर एकच थेंब, थोड्या वेळानं वरचं तेल पुसून टाका.

महिन्यातून एकदा चेनला मोजपट्टी लावा. एका पिनेपासून लगतच्या पिनेपर्यंत एक पिच; नव्या चेनच्या 24 पिचांचं पिनेपासून पिनेपर्यंतचं अंतर 12 इंच असतं. 1/16 इंच वाढलं की चेन बदला. 1/8 पर्यंत थांबलात तर बहुतेक वेळा कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संचही, बदलावी लागते, आणि तो खर्च खरंच टाळता येतो.

रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेवर (रिमवर) पॅड दाबणारे ब्रेक, असतील तर पॅडमध्ये रुतलेले खडेही सुईनं काढा, रिम खातात ते.