ओटावाचा हिवाळा आणि बाइकची बॅटरी : माझा अनुभव

नोव्हेंबरात गॅरेजमध्ये लावलेली बाइक थेट एप्रिलमध्ये बाहेर निघते. गॅरेजला हीटर नाही आणि बाहेर पारा उणे २० च्याही खाली जातो. तरी बॅटरीचा जीव नुसत्या थंडीने जात नाही, उतरलेल्या बॅटरीला थंडी गाठते तेव्हा जातो. पूर्ण चार्ज असलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतलं आम्ल उणे ५० लाही गोठत नाही. बॅटरी उतरली की त्यातलं आम्ल पातळ होत जवळजवळ पाणीच उरतं आणि ते उणे १० च्या आसपास गोठतं. मग प्लेटा वाकतात, डबा तडकतो. अशी फुगलेली किंवा गोठलेली बॅटरी चार्जरला कधीच लावू नये.

माझी बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-आवरची, एजीएम (काचतंतूंच्या मॅटमध्ये आम्ल शोषून ठेवलेली सीलबंद लेड-अ‍ॅसिड). किल्ली बंद असतानाही घड्याळ आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) करंट खातात. निगेटिव्ह वायर सोडून मध्ये मल्टिमीटर लावला तर २ मिलिअँपिअर दिसले. क्षुल्लक वाटतात, पण १५० दिवसांचे ७.२ अँपिअर-आवर होतात, म्हणजे जवळपास अख्खी बॅटरी! म्हणून मी ती काढूनच ठेवतो.

काढताना आधी निगेटिव्ह. पॉझिटिव्हला आधी हात घातला आणि पाना चासीला टेकला, तर थेट शॉर्ट. बसवताना क्रम उलटा. टर्मिनलवर पांढरट थर असेल तर चमचाभर खाण्याचा सोडा कपभर पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासतो आणि कोरडं करून पेट्रोलियम जेली लावतो. जमीन सिमेंटची असली तरी बिनधास्त ठेवा, प्लास्टिकच्या डब्याला त्याने काही होत नाही.

चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे ०.८ अँपिअर. ऑटोमॅटिक मेंटेनर (सतत जोडून ठेवता येणारा चार्जर) १४.४ व्होल्टपर्यंत नेऊन पुढे साधारण १३.५ वर धरून ठेवतो. कारचा जुना साधा चार्जर थांबतच नाही. तो एजीएममधलं पाणी उडवतो आणि सीलबंद असल्याने ते परत भरता येत नाही. मेंटेनर नसेल तर महिन्यातून एकदा व्होल्टेज मोजा. चार्जर काढल्यावर १२ तासांनी घेतलेलं रीडिंगच खरं. १२.८ उत्तम. १२.५ च्या खाली आलं की लगेच चार्जिंग, नाहीतर प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होतं आणि मग सुटत नाही.

दर पंधरा दिवसांनी इंजिन दहा मिनिटं चालू करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो मला अजिबात पटत नाही. गारठलेल्या जाड ऑइलमध्ये सेल्फ मारताना जेवढं चार्जिंग जातं, तेवढं आयडलिंगवर नीट भरून येत नाही. शिवाय सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठतं ते वेगळंच.

लिथियम बॅटरीला हे जसंच्या तसं लागू नाही. ती शून्याखाली चार्ज करायची नाही, आधी घरात आणून उबदार होऊ द्यायची.

एप्रिलमध्ये बॅटरी बसवून मीटर लावूनच सेल्फ मारतो. त्या क्षणी व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळलं, तर आधीचं १२.८ काही कामाचं नाही. नवी बॅटरी घ्यायची.