श्प्रेवाल्ड : पाण्यावरची गावे आणि जवसाचे तेल

बर्लिनच्या आग्नेयेला सुमारे १०० किलोमीटरवर श्प्रे नदी आपला एकच प्रवाह सोडते आणि असंख्य लहान-मोठ्या पाटांमध्ये विखुरते. हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाने इथे इतकी सपाट, वाळूची जमीन मागे ठेवली, की नदीला धड उतारच उरला नाही. मग ती वाट फुटेल तशी पसरत गेली आणि त्या पाटांच्या मधल्या बेटांवर माणसांनी घरे बांधली. या प्रदेशाला जर्मन भाषेत श्प्रेवाल्ड, म्हणजे श्प्रेचे अरण्य, म्हणतात. इथे जर्मनांच्या आधीपासून राहणाऱ्या सॉर्ब लोकांच्या भाषेत मात्र त्याचे नाव ‘ब्वोता’ आहे आणि त्याचा अर्थ आहे दलदल. मला हे दुसरे नाव अधिक खरे वाटते, कारण अरण्य पाहायला पाहुणे येतात, पण दलदलीत संसार करायला तिथलीच माणसे लागतात.

गेल्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत आई माझ्याकडे बर्लिनला आलेली होती, तेव्हा तिला घेऊन मी तिथे गेले. जर्मनीत फिरायचे म्हटले की ऱ्हाइनच्या काठचे किल्ले, बव्हेरियाचे डोंगर आणि ब्लॅक फॉरेस्ट एवढेच आपल्या लोकांच्या यादीत असते. श्प्रेवाल्डमध्ये डोंगर नाही, किल्ला म्हणावा असा किल्ला नाही. आहे ते संथ, चहाच्या रंगाचे पाणी, त्यावर वाकलेली अल्डरची झाडे आणि पाण्याच्या काठाने उभी असलेली लाकडी घरे. १९९१ मध्ये युनेस्कोने या भागाला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली.

बर्लिनहून निघालेली गाडी साधारण तासाभरात ल्यूबेनाऊला पोचते. हा रेल्वेमार्ग १८६६ साली इथवर आला आणि त्यानंतरच बर्लिनकरांना या भागाची ओढ लागली. स्थानकावरच्या पाटीवर जर्मन नावाखाली ‘लुब्न्योव’ हे सॉर्ब नावही लिहिलेले आहे. आईने ते लगेच हेरले आणि ही खालची भाषा कोणती, असे विचारले. तिथून दोन दिवस आमच्या बोलण्यात तीच भाषा राहिली.

ल्यूबेनाऊच्या धक्क्यावरून आम्ही ‘कान’ घेतली. कान म्हणजे सपाट बुडाची, लांबट, उथळ नाव. पूर्वी ती लाकडाची असे, आता बहुतेक नावा ॲल्युमिनियमच्या आहेत. नावाडी मागच्या टोकाला उभा राहतो आणि सुमारे चार मीटर लांबीच्या काठीने तळाला रेटा देत नाव पुढे नेतो. त्या काठीला ‘रूडेल’ म्हणतात. मी बराच वेळ त्याच्या हातांकडेच पाहत होते. काठी पाण्यात सोडताना तो ती हातातून नुसती घसरू देई, तळ लागल्याचे त्याच्या मनगटाला कळे, मग तो अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकी आणि शेवटच्या क्षणी काठीला किंचित पीळ देऊन ती चिखलातून सोडवून घेई. पीळ द्यायला उशीर झाला, तर काठी तळात रुतून बसते आणि नाव पुढे निघून जाते, असे त्याने सांगितले. पाटांवर जागोजागी पायी जाणाऱ्यांसाठी लाकडी पूल आहेत आणि ते मध्यभागी चांगलेच उंच उचललेले आहेत, कारण गवताने लादलेली नाव त्यांच्या खालून जायला हवी. इथे गाईगुरे, गवत, धान्य, नवरानवरी, शवपेटी असे सगळे काही नावेतूनच जात असे.

अर्ध्या-पाऊण तासात लेडे हे गाव लागते. इथे १८९७ पासून टपाल नावेने येते आणि आजही एप्रिल ते ऑक्टोबर या काळात पोस्टाची पिवळी नाव पाटापाटांतून घरोघरी फिरते. टपालाच्या पेट्या रस्त्याकडे नव्हे, तर पाण्याकडे तोंड करून बसवलेल्या आहेत. घरांच्या छपरांवर गवत शाकारलेले आहे आणि आढ्याच्या टोकाला दोन फळ्यांची फुली असून त्या फळ्यांची तोंडे मुकुट घातलेल्या सापांच्या आकारात कोरलेली आहेत. घरात राहणारा साप सुबत्ता आणतो, त्याला मारू नये, अशी इथली जुनी समजूत आहे. कोकणात ज्याला राखणदार म्हणतात, तोच हा, असे मी आईला म्हणाले. तिला मात्र तो मुकुट फार आवडला.

दुपारी लेडेतल्या एका खाणावळीत आम्ही या भागाचे रोजचे जेवण मागवले. सालीसकट उकडलेले बटाटे, त्यांच्याबरोबर ‘क्वार्क’ आणि वर जवसाचे तेल. क्वार्क म्हणजे आपला चक्काच, फक्त थोडा कमी आंबट; त्यात बारीक चिरलेला कांदा आणि मीठ कालवलेले असते आणि मधोमध खळगा करून त्यात पिवळेधमक तेल ओतलेले असते. आईने पहिला घास घेतला, क्षणभर थांबली आणि मग तिने ताटली उचलून वास घेतला. आमचे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातले. विदर्भात जवसाचे तेल पूर्वी स्वयंपाकात सर्रास वापरत आणि जवसाची चटणी तर आजही ज्वारीच्या भाकरीबरोबर हवीच असते. तिच्या लहानपणी घाण्यावरून आणलेल्या तेलाचा डबा घरात आला, की हाच वास दोन दिवस दरवळत असे, असे ती म्हणाली. आम्ही दोघींनी आणखी एकदा तेल मागून घेतले. नंतर ‘प्लिन्झ’ आले, म्हणजे यीस्टने फुगवलेल्या पिठाची मऊ धिरडी, सफरचंदाच्या गरासोबत. ती चांगली होती, पण बटाटा, चक्का आणि तेल यांच्या पुढे मला ती आठवतही नाहीत.

श्प्रेवाल्डमध्ये जवस म्हणजे नुसते तेल नव्हते. त्याच्या खोडाच्या धाग्याचे कापड विणत, बीचे तेल काढत, उरलेली पेंड गुरांना घालत. सॉर्ब लोकांच्या कथांमध्ये ‘प्शेझपोवनित्सा’ नावाची एक बाई आहे. ती ऐन दुपारी हातात विळा घेऊन शेतात येते आणि त्या वेळी काम करताना सापडलेल्या माणसाला जवसाबद्दल विचारते. पेरणीपासून कापड विणून होईपर्यंतची सगळी हकीकत तासभर न थांबता सांगता आली तर तो वाचतो, नाही तर त्याचे मुंडके जाते. भर उन्हात काम करू नये हे मुलांना सांगण्यासाठी ही कथा रचली असावी. पण जवसाचे सगळे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ राहावे, यासाठी याहून चांगली युक्ती मला तरी सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही श्ट्राऊपिट्सला गेलो. या लहानशा गावात शिंकेल या प्रख्यात प्रशियन वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार १८३२ मध्ये पूर्ण झालेले दोन मनोऱ्यांचे चर्च आहे, गावाच्या मानाने फारच मोठे. आम्हाला मात्र ओढ होती ती १८५० च्या पवनचक्कीची. डच धाटणीच्या या एकाच चक्कीत धान्य दळणे, लाकूड कापणे आणि तेल गाळणे ही तिन्ही कामे होतात. आत शिरण्याआधीच वास आला. तिथे जवस आधी चेचतात, मग त्यावर पाण्याचा हबका मारून ते मोठ्या तव्यात सतत हलवत गरम करतात आणि मग दाबयंत्रात घालतात. गरम करण्यामुळेच त्याला भाजलेल्या दाण्यांसारखी चव येते. जास्त तापले तर कडू होते. नेमके कधी थांबायचे, हे चक्कीवाल्याला वासावरून कळते. दाबयंत्रातून तेलाची बारीक धार पडू लागली, तसे आईने न राहवून तर्जनी पुढे केली. चक्कीवाल्याने हसून तिच्या बोटावर एक थेंब घेऊ दिला. त्याने तिला पेंडेची एक वडीही दाखवली, ती तिने हातात तोलून पाहिली आणि मला मराठीत म्हणाली, “अगं, आपल्याकडची याहून जाड असायची.” हे तेल ताजेच खावे लागते, काही आठवड्यांत ते कडवट होते, म्हणून आम्ही लहान बाटली घेतली.

त्या सुट्टीत सगळीकडे ईस्टरची अंडी रंगवण्याचे काम चालू होते. सॉर्ब लोकांची ही कला पाहताना मला बाटिकची आठवण झाली, कारण तत्त्व तेच आहे. मेणबत्तीच्या ज्योतीवर वाकवलेला चमचा धरून त्यात मधमाश्यांचे मेण वितळवतात. हंसाच्या पिसाचे टोक त्रिकोणी किंवा चौकटीच्या आकारात कापतात, ते मेणात बुडवून अंड्यावर टेकवतात आणि मग अंडे रंगात सोडतात. फिकट रंगापासून गडद रंगाकडे असे टप्प्याटप्प्याने जायचे असते. शेवटी अंडे ज्योतीजवळ धरून मेण वितळले की फडक्याने पुसून घेतात आणि खालचे सगळे रंग एकदम उघडे पडतात. त्रिकोणांची ओळ म्हणजे लांडग्याचे दात, ती वाइटापासून राखते. मधाच्या पोळ्यासारखी नक्षी कष्टाळूपणाची खूण आहे. ईस्टरच्या पहाटे मुलींनी सूर्योदयापूर्वी वाहते पाणी आणायचे आणि वाटेत एक शब्दही बोलायचा नाही, अशीही प्रथा होती. सॉर्ब लोकांचे वर्षभरातले सण-रिवाज २०१४ मध्ये जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत आले.

अंडी रंगवायला बसलेल्या एका वृद्ध बाईंनी आईला शेजारी बसवून घेतले. त्यांच्या डोक्यावर बुर्ग गावाकडच्या पद्धतीचे, भरतकाम केलेले, पंखांसारखे रुंद पसरलेले शिरोवस्त्र होते. त्याला ‘लापा’ म्हणतात. त्यांची भाषा लोअर सॉर्बियन, म्हणजे सॉर्ब लोकांच्या दोन भाषांपैकी एक. सॉर्ब लोक आज सुमारे ६०,००० आहेत असे मानले जाते, आणि त्यांतले लोअर सॉर्बियन अस्खलित बोलणारे बहुतेक जण आता वृद्ध आहेत. ‘दोमोविना’ ही त्यांची संघटना १९१२ मध्ये स्थापन झाली, १९३७ मध्ये नाझींनी तिच्यावर बंदी घातली आणि सार्वजनिक जीवनातून भाषाच पुसून टाकली. त्यानंतर कोळसा आला. श्प्रेवाल्ड ज्यात येतो त्या लाउझिट्स प्रदेशात लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, उघड्या खाणींसाठी शंभराहून अधिक गावे पूर्णतः किंवा अंशतः उठवली गेली आणि त्यांत सॉर्ब गावे पुष्कळ होती. हॉर्नो हे गाव तर या शतकात गेले. गाव उठले की माणसांना दुसरीकडे नवे घर मिळते, पण अंगणात एकमेकांशी बोलायची भाषा त्या घरात राहायला येतेच असे नाही. १९९८ पासून कॉटबुसजवळच्या झीलोमध्ये बालवाडीतली मुले दिवसभर ही भाषा ऐकत वाढावीत, असा प्रयत्न सुरू झाला आणि त्याचे नाव ‘विताय’, म्हणजे ‘या, स्वागत आहे’, असे ठेवले गेले. मला या नावाबद्दल फार आपुलकी वाटते.

त्या बाईंनी आम्हाला एक गोष्ट सांगितली आणि ती मी कधी विसरणार नाही. सॉर्बियनमध्ये द्विवचन जिवंत आहे. शाळेत संस्कृत शिकताना ‘रामः रामौ रामाः’ घोकलेल्या कोणालाही याचे अप्रूप वाटेल, कारण आपल्या मराठीने ते केव्हाच सोडून दिले. ‘आम्ही’ पुष्कळ जण असू तर ‘मी’ असा उच्चार, आणि दोघेच असू तर ‘मेय’. बाईंनी आईकडे आणि माझ्याकडे बोट दाखवून ‘वेय’, म्हणजे तुम्ही दोघी, असे म्हटले आणि आईने अंड्यावर पीस टेकवत तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

जुलैमध्ये मी पुन्हा गेले. आई तोवर परतली होती. तेव्हा शेतांत काकड्यांची तोडणी चालू होती. ट्रॅक्टरला दोन्ही बाजूंना लांब पंख जोडलेले असतात आणि त्या पंखांवर मजूर पोटावर पालथे झोपून, गोगलगाईच्या गतीने पुढे सरकत, खालच्या वेलांवरून काकड्या तोडत जातात. अशा ट्रॅक्टरला ‘काकडीचे विमान’ म्हणतात. मजूर बहुतेक पोलंड आणि रोमानियाहून येतात. सायकल उभी करून मी अर्धा तास पाहिले. तासन्‌तास मान वर धरून केलेले ते काम पाहिल्यावर बरणीतल्या काकडीकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. इथल्या काकड्यांना १९९९ पासून युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे, जसे आपल्याकडे नागपूरच्या संत्र्याला आहे. धक्क्यावरच्या पिंपांतून त्या सुट्या मिळतात. शेपू घालून नुसत्या मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या, मोहरीच्या दाण्यांच्या, व्हिनेगरच्या, लसणाच्या, अशा पुष्कळ तऱ्हा आहेत. खारात आंबवलेल्या सर्वांत चांगल्या, कारण त्यांत काकडीची स्वतःची चव उरते.

पाण्याचा रंग मात्र काही पाटांत चहासारखा नव्हता, गंजासारखा होता. जुन्या खाणींच्या भागातून भूजल वर येते, त्यात लोह असते, आणि ते श्प्रेतून इथवर पोचते. खाणींतून उपसलेले पाणी अनेक दशके नदीत सोडले गेले, त्यावर नदी भरलेली राहिली. २०३८ पर्यंत जर्मनी कोळसा सोडणार आहे, तेव्हा उन्हाळ्यात या पाटांना पाणी कुठून मिळणार, हा प्रश्न इथे नावाड्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळे जण विचारतात. ज्या कोळशाने गावे नेली, त्याच्याच उपशावर उरलेल्या गावांचे पाणी अवलंबून असावे, याचे मला फार वाईट वाटले.

संध्याकाळी मी त्या बाईंना भेटायला गेले. जुलैत अंडी नव्हती. त्या दारात बसून शेपूच्या काड्या जुळवत होत्या. मी शिकलेले ‘दोब्री झ्येन’ म्हटले. त्यांनी मान वर केली, माझ्या मागे पाटाकडे पाहिले आणि ‘वेय’ म्हणता म्हणता थांबून जर्मनमध्ये विचारले, “आणि दुसरी कुठे आहे?”