थंडीतला घाम

आज सकाळी कॉलेज रोडवर मेथीची जुडी निवडत असताना, नाशिकच्या बोचऱ्या थंडीतही, छातीपासून कानांपर्यंत एकाएकी गरम वाफ चढली आणि शाल काढून पिशवीत कोंबावी लागली. पाळी जाऊन बरीच वर्षे झाल्यामुळे, गाठीसाठी दोन्ही अंडाशये काढली तरी आता काय फरक पडणार, असे घरातल्या सगळ्यांचेच म्हणणे होते. डॉक्टरबाईंनी मात्र दुपारी नीट समजावले, की रजोनिवृत्तीनंतरही अंडाशये टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरके थोडीफार तयार करत राहतात, त्यांतील काहींचे चरबीमध्ये इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनते, आणि शस्त्रक्रियेने हा पुरवठा अचानक घटल्यामुळे काही जणींना हा दाह पुन्हा जाणवू शकतो. तरीही ताप मोजायलाच हवा, कारण ऑपरेशननंतरचा घाम जंतुसंसर्गाचाही असू शकतो. गाठ साधी निघाली असली तरी साठीनंतर हार्मोनच्या गोळ्या नव्याने सुरू करताना रक्ताच्या गुठळ्यांचा आणि पक्षाघाताचा धोका तोलावा लागतो, म्हणून आधी रात्री गॅबापेंटिन हे हार्मोन नसलेले औषध घेऊन पाहायचे ठरले आहे. जाऊबाईंचा गुलकंदही चालू आहे. त्याने निदान तोंड तरी गोड होते.