लोफोटनचा कॉड आणि त्याच्या कानातले खडे

नॉर्वेतल्या लोफोटन बेटांवर लोक उन्हाळ्यात मध्यरात्रीचा सूर्य बघायला जातात, हिवाळ्यात ध्रुवीय प्रकाश बघायला. मी 2025 च्या मार्चमध्ये गेले ती माशासाठी. मुख्य भूमीवरच्या बोडो शहरातून लोफोटनमधल्या मोस्केनेसला जाणारी बोट तीन-चार तासांत वेस्टफ्योर्ड हा मधला समुद्र ओलांडते. वारा इतका बोचरा होता की बहुतेक प्रवासी आत कॉफी घेऊन बसले होते, पण माझा पाय डेकवरून निघत नव्हता. अटलांटिक कॉडचा जगातला सर्वात मोठा साठा नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रात आहे आणि त्यातले वयात आलेले मासे नेमके याच दिवसांत, याच पाण्याखाली अंडी घालत असतात.

बॅरेंट्स समुद्रात हा कॉड कॅपेलिन नावाचे छोटे मासे खाऊन वाढतो. एकदा वयात आला की हिवाळ्यात शेकडो किलोमीटर पोहत किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला येतो. या फिरस्त्या कॉडला इथे स्क्रेई म्हणतात. फ्योर्डमध्येच, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या फाट्यांमध्येच, राहणारा किनारी कॉड वेगळा. वेस्टफ्योर्डमध्ये वर किनाऱ्याचं थंड पाणी असतं, खाली अटलांटिकचं जरा उबदार. या दोहोंच्या मधल्या, चार ते सहा अंशांच्या थरात माद्या अंडी सोडतात. नर वाताशयावरचे, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीवरचे, स्नायू थरथरवून घुमल्यासारखा आवाज काढतात आणि मादीच्या पोटाखाली उलटे होऊन पोहतात. मादी सगळी अंडी एकदम टाकत नाही, काही आठवडे टप्प्याटप्प्याने टाकत राहते. पाच किलोच्या मादीची अंडी वीस-पंचवीस लाखांच्या घरात जातात. अंडं दीड मिलिमीटरहूनही लहान असतं आणि ते पाण्यावर तरंगतं. हे तरंगणं गेओर्ग ओसियन सार्स या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी 1860 च्या दशकात लोफोटनमध्येच शोधून काढलं.

एका मादीची वीस लाख अंडी म्हटल्यावर मासा संपेलच कसा, असं कुणालाही वाटेल. बराच काळ जाणकारांनाही तसंच वाटत होतं. एखाद्या वर्षी मासळी कमी आली तर ती दुसरीकडे गेली असेल, असं समजलं जाई. योहान योर्ट या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी 1914 मध्ये या समजाला छेद दिला. हेरिंग या माशाच्या खवल्यांवरून वय मोजताना त्यांना दिसलं, की एकट्या 1904 साली जन्मलेली पिढी वर्षानुवर्षं जाळ्यात येते आहे, आणि तिच्या आगेमागे जन्मलेल्या पिढ्या जवळपास नाहीतच. मासळी कुठे गेलेली नव्हती, ती मुळात जगलीच नव्हती. योर्ट यांचा तर्क असा: अंड्यातून बाहेर आलेल्या पिलाजवळ पोषक बलक काही दिवसांपुरताच असतो. तो संपायच्या आत तोंडाशी अन्न आलं नाही, तर पिढीच्या पिढी जाते. कॉडच्या चार-पाच मिलिमीटरच्या पिलाला लागतात ती कॅलानस नावाच्या सूक्ष्म कवचधारी जीवांची बाळं. ती वेळेवर आली पाहिजेत, आणि प्रवाहानेही पिलांना उत्तरेला बॅरेंट्सकडेच न्यायला पाहिजे. नेमकी कोणत्या वर्षी कोणती पिढी तरेल, यावर अजूनही संशोधन चालू आहे.

लोफोटनमधल्या हेनिंग्सवेर या मच्छीमार गावाच्या धक्क्यावर दुपारी होड्या परतू लागल्या. मासे पेट्यांमधून वर येत होते. पोटं फाडली जात होती, गाभोळी एका टबात, यकृत दुसऱ्या टबात. मुंडकी वेगळी निघत होती, ती वाळवून नायजेरियाला जातात. शाळा सुटून आलेली मुलं कॉडच्या जिभा कापायच्या कामाला लागली होती, हा त्यांचा इथला हक्काचा हंगामी धंदा. सगळीकडे इतका मासा होता की घसरायला होत होतं.

त्याच गोंगाटात एक तरुण मुलगी नमुने घेत बसली होती. एका मादीची लांबी तिने मोजली, पोट उघडून अंडाशयाची अवस्था पाहिली. मग डोळ्यांच्या मागे कवटीवर सुरी आडवी घालून डोकं मोडलं आणि चिमट्याने आतून दोन खडे काढले. अंगठ्याच्या नखाएवढे, दुधी पांढरे, कडा कातरल्यासारख्या. हे माशाच्या आतल्या कानातले खडे. पुसून तिने ते कागदी पाकिटात टाकले आणि वर आकडे लिहिले. मी रेंगाळलेली पाहून तिने दुसरा एक खडा मधोमध मोडला आणि भिंग माझ्या हातात दिलं. वलयं दिसत होती, वर्षाला एक. बाहेरची दोन बारीक आणि एकमेकींना खेटून होती.

"ही नऊ वर्षांची आहे," ती म्हणाली, "आणि शेवटची दोन वर्षं तिने अंडी घातली आहेत."

अंडी घालायला लागल्यावर वाढ मंदावते आणि त्याची खूण खड्यावर उमटते. गुन्नार रॉलेफसेन या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी ही खूण 1930 च्या दशकात ओळखली. मधल्या वलयांचा आकार पाहून स्क्रेई की किनारी कॉड, तेही सांगता येतं.

मला या प्रवासात सर्वात महत्त्वाचं वाटलं ते हे पाकीट, कारण साठ्यातल्या माशांची वयं त्यातल्या खड्यांवरून कळतात. भरलेल्या होडीवरून समुद्रातला साठा कळत नाही, कारण अंडी घालायला मासे एका जागी गर्दी करतात. एकूण मासे निम्मे झाले तरी गर्दीच्या जागी जाळं भरतं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ असंच झालं. उरलेला कॉड गोळा होऊन राहिला, ट्रॉलर त्याला शोधत राहिले, तासाला मिळणारी मासळी चांगली दिसत राहिली, त्यावरून काढलेले साठ्याचे अंदाजही फुगत गेले. 2 जुलै 1992 ला मासेमारी बंद करावी लागली. सुमारे तीस हजार लोकांचं काम गेलं. त्या साठ्यावर व्यावसायिक मासेमारी पुन्हा सुरू झाली ती 2024 मध्ये, तीही छोट्या प्रमाणात.

बॅरेंट्स समुद्रावरही अशीच वेळ आली होती. 1980 च्या दशकात कॅपेलिनचा साठा कोसळला. भुकेले मोठे कॉड लहान कॉड खाऊ लागले. नॉर्वेने 1987 मध्ये पकडलेला कॉड समुद्रात परत फेकायला बंदी घातली, कोटा म्हणजे वर्षाला पकडायच्या माशांची मर्यादा कापली, आणि साठा सावरला. रशियाबरोबर मिळून ठरणारा हा कोटा 2013 मध्ये दहा लाख टनांवर गेला होता. मी गेले त्या वर्षी तो 3 लाख 40 हजार टन होता, 1991 नंतरचा तोवरचा सर्वात कमी. अलीकडच्या पिढ्या कमजोर निघाल्या आहेत. छोट्या होडीवरच्या एका वयस्कर मच्छीमाराला मी विचारलं, "यंदा कसं आहे?" ते म्हणाले, "मासा आहे, माझा वाटा संपत आला." मला कपात योग्यच वाटते. पण ती कुणाच्या पोटावर येते, हे त्यांच्याशी बोलल्यावर विसरता येत नाही.

आणखी एक बदल हळूहळू झालेला आहे. 1940 च्या सुमारास हा कॉड साधारण दहाव्या वर्षी वयात येत असे, आता सातव्याच्या आसपास येतो. पूर्वी तो मुख्यतः लोफोटनला अंडी घालायला आल्यावर पकडला जाई, म्हणजे उशिरा वयात येणारा मासा बॅरेंट्समध्ये निवांत वाढत राही. तिथे ट्रॉलर पोचल्यावर थांबणं धोक्याचं झालं आणि लवकर अंडी घालणाऱ्यांचा वंश टिकला, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. काही जण त्याचं श्रेय वाढीच्या वेगाला देतात. मला दोन्ही कारणं खरी वाटतात. तोटा मात्र उघड आहे. मोठ्या, अनुभवी मादीची अंडी संख्येनेही जास्त आणि आकारानेही मोठी असतात, आणि ती जास्त काळ घालत राहते, त्यामुळे एखादा तरी घाणा कॅलानसच्या वेळेला सापडायची शक्यता वाढते.

जायचं असेल तर फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत जा. बोडोपर्यंत रेल्वे आहे, पुढे बोट. ओ नावाच्या गावाशी ई-10 रस्ता संपतो, तिथवर लाकडी मांडवांवर शेपट्या बांधून जोडीजोडीने टांगलेला कॉड दिसत राहतो. फोटो काढायला सगळे तिथेच थांबतात. तुम्ही दुपारी धक्क्यावरही जा, होड्या रिकाम्या होताना. कुणी नमुने घेत असेल तर विचारा, खडा दाखवतात.