शंभर येनचे बावन्न रुपये

जानेवारी २०२५ मध्ये गड्ड्यावर, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जत्रेत, शाळेतला मित्र भेटला. भेटल्याभेटल्या पाठीवर थाप. "मजा हाय की बे तुझी! डॉलर ८६ च्या वर गेलाय म्हणं. काही न करता पगारवाढ!" मी हो हो म्हणून हसलो. होम मैदानावरच्या त्या गर्दीत, पाळण्यांच्या गोंगाटात, मला पगार डॉलरमध्ये मिळत नाही हे कुठं समजावत बसणार?

मी जपानात राहतो, हामामात्सुला. नऊ वर्षं झाली. पगार येनमध्ये. पण सोलापुरात परदेश म्हणजे डॉलर, विषय संपला. आमच्या गल्लीत परक्या पैशाशी संबंध असलेले तिघं. एक वर्गमित्र दुबईत. त्याचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला, त्यामुळं डॉलर चढला की तो आपोआप चढतो. दुसरे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणणारे काका. माल परदेशी जातो, बिलं डॉलरमध्ये. रुपया घसरला की हे दोघं खुशीत. काका तर स्वतःहून चहा पाजतात. तिसरा मी.

जानेवारी २०२१ ला शंभर येनचे सत्तर रुपये यायचे. जुलै २०२४ ला बावन्न. याच काळात दिरहम वीस रुपयांवरून पावणेतेवीसवर गेला. म्हणजे रुपया घसरलाच होता, पण येन त्याच्यापेक्षा जोरात आपटला. जुळे सोलापुरातल्या घराचा हप्ता आहे ३१,५०० रुपये. आधी ४५ हजार येन पाठवले की भागायचं. नंतर त्याच हप्त्याला साडेसाठ हजार लागायला लागले. पगार जवळपास तोच. वर जपान तेल, गॅस आणि निम्म्याहून जास्त खाणं बाहेरून आणतो, त्यामुळं तिथलं वीजबिल आणि किराणाही वाढला. तूरडाळीचं तर विचारूच नका.

बाबांना हे सगळं समजावताना पतसंस्था उपयोगी पडली. म्हटलं, अमुक पतसंस्था अर्धा टक्का जास्त देतेय असं कळलं की तुमच्या कट्ट्यावरचे पेन्शनर ठेवी मोडून तिकडं धावतात ना? तसंच झालंय. अमेरिकेनं मार्च २०२२ पासून व्याजदर वाढवत नेला, जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच-साडेपाच टक्के केला. जपानचा मात्र मार्च २०२४ पर्यंत उणे ०.१. मग लोक येन विकून डॉलरकडं पळाले.

"उणे म्हणजे? पैसे ठेवायचे आणि वर आपणच द्यायचे?"

"आपण नाही, बँकांनी. मोठ्या बँकेला."

"मग पळतील नाही तर काय करतील," बाबा म्हणाले आणि परत पेपरात शिरले.

पण तेव्हापासून त्यांना नाद लागला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत दुधाचा हिशेब असतो, त्याखाली ते पेन्सिलीनं शंभर येनचा भाव लिहायला लागले. मी त्यांना सांगितलंय की मोबाइलवर दिसतो तो भाव आणि पैसे पाठवताना मिळतो तो भाव एक नसतो, मधला माणूस आपलं काढून घेतो. तरी लिहितात.

आता माझा शहाणपणा ऐका. आईचे दोन्ही गुडघे बदलायचे होते. त्यासाठी दहा लाख येन बाजूला काढले होते. २०२२ मध्ये भाव साठच्या आसपास असताना मी ठरवलं, पासष्ट झाला की पाठवू. कंपनीतही कुणीकुणी म्हणायचं, येन इतका खाली राहणार नाही. झाला अठ्ठावन्न. मग पंचावन्न. मग बावन्न. जुलै २०२४ मध्ये ऑपरेशनची तारीख आली, एका डॉलरला १६१ येन पडत होते, आणि मी झक मारत पाठवले. हातात आले पाच लाख पंधरा हजार.

तीन आठवडेही झाले नाहीत. ३१ जुलैला जपानच्या मध्यवर्ती बँकेनं व्याजदर ०.२५ केला, आणि ५ ऑगस्टला डॉलर १४२ येनपर्यंत उतरला. त्या दिवशी टोकियोचा शेअरबाजार १२ टक्क्यांहून जास्त कोसळला. ऑफिसात जो तो तोंड पाडून बसलेला, आणि मी जिन्यात उभा राहून मोबाइलवर गुणाकार करत होतो. तेच दहा लाख आता पाच लाख नव्वद हजार. पंचाहत्तर हजारांचा फटका.

संध्याकाळी घरी फोन लावला. आई वॉकर घेऊन घरातल्या घरात चालत होती, तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुझा येन चढायची वाट बघत मी जिना चढायची थांबले असते व्हय रे?"

त्यानंतर मी वाट बघणं सोडलं. पगार झाला की त्याच दिवशी पाठवतो, भाव न बघता. भाव बघायला बाबा आहेत. गड्ड्यावरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला उठलो तेव्हा कॅलेंडर बघितलं. गड्ड्याच्या दिवशीच्या चौकटीत लिहिलं होतं: दूध दीड लि., येन ५५, आणि खाली बारीक अक्षरात, ही गड्डाभर पायी फिरली.